डोकं ठिकाणावर

३ तारीख, सोमवार
ताईनं ही वही दिली तेव्हा रोज लिहायचं कबूल केलं होतं. उद्या लिहू, परवा लिहू करत तीन गावं पालटली, वही कोरीच. आज लिहितोच, कारण नोकरी लागलीय. नोकरी कसली, चैन आहे. मेंदूवर संशोधन चालतं तिथे राहायचं, जेवायचं आणि वायरींची टोपी घालून खुर्चीत बसायचं. पडद्यावर ‘लाल’ हा शब्द निळ्या रंगात उमटतो. शब्दाला भुलायचं नाही, रंगाचं बटण दाबायचं. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या म्हाताऱ्याची बसायची ढब अगदी आमच्या बाबांची. बाबा पंक्चर काढताना शीळ घालायचे, आणि एकदा तर – असो, भरकटलो. याच गुणावर मला निवडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं भरकटणारं डोकं शोधूनही मिळालं नसतं. शाळेत याचाच मार खाल्ला होता.

५, बुधवार
बाईंनी समजावलं. डोक्यात दोन टोळ्या असतात. एक हातातलं काम करते. दुसरी हिंडते, आठवणी काढते, आपली माणसं, उद्याचे बेत. सी-सॉवरच्या पोरांसारखं, एक वर की दुसरी खाली. मध्ये एक मुकादम, पाळी ठरवणारा. माझा झोपाळू आहे म्हणे. मन हललं की टोपी कानामागे टिचकी मारते, म्हणजे तो जागा होतो. ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, तुझं भिंगरीसारखं डोकं ठिकाणावर आणणार असतील तर बाईंना माझा नमस्कार सांग. काम संपलं की थेट तिच्याकडे जायचं ठरलंय.

१०, सोमवार
एकही चूक नाही. टिचक्या जवळजवळ बंद. बाई खूश. मी दमलोय. ओझं वाहून दमतो तसा नाही. कुणी खांदे दाबून बसवून ठेवल्यासारखा. खिडकीतून म्हातारा दिसला. सायकल दुरुस्त करणारा माणूस. बस.

१३, गुरुवार
मागचं पान वाचलं. बाबा शीळ घालायचे, असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे. ताईचा चेहरा आठवायला गेलो, तर कानामागे टिचकी. टोपी खुंटीवर होती.

१५
बाईंना सांगितलं. त्यांनी आलेख पुन्हा पुन्हा पाहिले. दुसरी टोळी दबलेली नाही, म्हणाल्या, दिसतच नाही. फळीच्या त्या टोकाला कुणी नाही. मग गेली कुठे, विचारलं. त्या पाणी प्यायल्या आणि पडद्याकडे बघ म्हणाल्या. मी बघितलं. लगेच.

१७
ताईकडे जायला निघालो. बॅग घेऊन दारापर्यंत – पडद्यावर शब्द उमटला. परत बसलो. बटण दाबलं. बरोबर.

१८
फोन वाजला. ‘ताई’ असं दिसलं म्हणून कळलं. कोण बोलतंय, तिनं विचारलं. मी, म्हणालो. ती हसली.
“अहो, थट्टा करू नका. तो आत्ताच आलाय इथे, हातपाय धुतोय. फोन तुमच्याकडेच विसरला ना? तुम्ही तिथलेच ना?”
अहो. तुम्ही.
फक्त मलाच माहीत असेल असं काही सांगावं म्हटलं. काहीच नाही. शीळ, म्हणालो. वहीत बघून.
हो, ती म्हणाली, आल्यापासून तेच चाललंय त्याचं. थांबा, त्यालाच देते.
फोन कानाशी. लिहितोय, हात तरी माझा –
श्वास ऐकू येतोय. खूप हिंडून आल्यासारखा. शीळ थांबली. तो म्हणतोय, आता तू तिथेच –