सहा वाजेपर्यंत

मंगळवार, दुपार

प्रिय ओदीलताई,

तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं होतं ते आठवत नाही. एकाच शहरात राहणारी भावंडं पत्रं लिहीत नाहीत, फोन करतात. गेले काही महिने आपण तेही केलं नाही. एकमेकांविरुद्ध पत्रकं मात्र छापली. मी जिल्हा कचेरीसमोरच्या कॅफेत बसलोय आणि मांडीवर आमच्या उमेदवारांच्या यादीची फाइल आहे. येत्या रविवारच्या मतदानाच्या दुसऱ्या फेरीत राहायचं असेल तर ती आज सहाच्या आत समोरच्या खिडकीत द्यायची, नाहीतर आमचं नाव आपोआप गळतं. म्हणजे माघार घ्यायला मला काही करायचंच नाही, नुसतं बसून राहायचं. कॅफेवाल्याने मला ओळखलं. "महापौरबाईंचे भाऊ ना? मग आत जाताय, की इथेच मुक्काम? बाईंच्या विरोधातल्या कार्लिएची माणसं सकाळीच फाइल देऊन गेली, वर बिअर पिऊन गेली." मी कॉफी मागितली. दोन तास झाले, ती तशीच पडून आहे.

प्रचारात तू एकदा म्हणालीस की रेजिसला अचानक राजकारणाचं वेड लागलंय. अचानक नव्हतं गं. गेल्या वर्षी जानेवारीत पोलेत आळीतून रुग्णवाहिका आली तेव्हा इस्पितळात माझी पाळी होती. इतकी वर्षं स्ट्रेचर ढकलतोय, वजनाचा अंदाज हाताला आपोआप येतो. त्या सकाळी हात फसले, इतकी ती मुलं हलकी होती. आज आमच्या यादीत असलेल्या सलिहाची बहीण नासेरा आणि तिची दोन मुलं. घरमालकाने बॉयलर दुरुस्त करून दिला नव्हता. थंडी फार म्हणून नासेराने अंगणात मांस भाजायची शेगडी निखाऱ्यांसकट खोलीत घेतली आणि वारा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींत टॉवेल कोंबले. निखाऱ्यांतून निघणाऱ्या त्या विषारी वायूला वास नसतो. मुलं कोट घालूनच झोपली होती. धाकट्याच्या कोटाचं एक बटण सुटलं होतं, ते मी लावलं. का लावलं ते मलाही सांगता येणार नाही.

तू तिघांच्या दफनाला आलीस. फोटोवाले नाहीत, गाडी लांब उभी केलेली, आणि तू सगळ्यांच्या मागे हुंदके देत होतीस. ते रडणं खरं होतं, मी तुला लहानपणापासून ओळखतो. तेव्हा मला वाटलं, आता ही सही करेल. पोलेत आळीतली ती ओल धरलेली घरं रिकामी करून लोकांना बुलवार्डच्या, त्या श्रीमंत वस्तीच्या हमरस्त्यामागच्या नव्या इमारतींत हलवायचा आदेश तुझ्या टेबलावर तयार होता. तूच मला सांगितलं होतंस. ती नवी घरं रिकामी होती, आजही आहेत. वसंत गेला, उन्हाळा गेला. सप्टेंबरच्या जत्रेत तुझ्या हातात तळलेल्या बटाट्यांचा पुडा होता आणि लोक तुझ्याशी हात मिळवत होते, तेव्हा मी तुला बाजूला घेऊन विचारलं. तू म्हणालीस, "निवडणूक होऊ दे रे. आत्ता सही केली तर बुलवार्डवाले बिथरतील, म्हणतील आमच्या दारात झोपडपट्टी आणून बसवली. सगळा गठ्ठा कार्लिएकडे जाईल. तो आला की बेघरांचा रात्रनिवारा पहिल्या आठवड्यात बंद, तुझं चर्चमधलं सूपवाटपही बंद. मग काय करशील?" तू दुसऱ्या कोणाकडे वळून हसलीस. त्या हसण्यानंतर मी सलिहाकडे गेलो आणि म्हणालो, आपण यादी काढू.

मला महापौर व्हायचं नव्हतं. मला सभेत बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? गावच्या शाळेत एकच खोली, एकच शेगडी. तू खिडकीजवळच्या मोठ्यांच्या बाकावर, मी दाराजवळच्या लहानांच्या. देबाकेर मास्तर माझ्यावर ओरडले की तू न विचारताच उभी राहायचीस. "त्याला येतंय सर, तुम्ही त्याला जरा वेळ द्या." गावातून या शहरात मला तू आणलंस, इस्पितळात तू चिकटवलंस. पहिल्यांदा निवडून आलीस तेव्हा मला पोलेत आळीत घेऊन गेलीस. मधल्या नळाशी उभी राहून म्हणालीस, "रेजिस, या विटा मी एक दिवस माझ्या हाताने पाडणार." मी तुझ्यावर देवासारखा विश्वास ठेवला असं लिहिणार होतो, पण देवाला यात ओढू नये. सध्या त्याच्याशीही माझं बोलणं होत नाही. सकाळी चर्चमध्ये जातो, मागच्या बाकावर बसतो, आणि कामावर जातो.

प्रचार कसा झाला ते तुला तुझ्या लोकांनी सांगितलंच असेल, हसत हसत. आम्ही दारोदार फिरलो. आळीतली एक बाई दार अर्धं उघडून म्हणाली, "मत? या माझ्या भिंतीला विचारा. माझ्यापेक्षा जास्त ती रडते." आम्ही हसलो, तीही हसली, आणि मतदानाला ती आली नाही. काझिमिर आठवतो तुला, गिरणीत बाबांबरोबर होता तो? गुरुवारच्या सूपवाटपाला कित्येक वर्षं पहिल्या रांगेत असतो. मी पत्रक दिलं तर त्याने ते वाटीखाली ठेवलं, टेबलावर डाग पडू नये म्हणून. "सूप तुझं फर्स्टक्लास असतं रे पोरा. पण मत मी कार्लिएला देणार." मी विचारलं, का? "तो निदान चिडतो. तू सारखा माफी मागतोस. वाढतानासुद्धा माफी मागतोस." मी त्याला आणखी पाव दिला आणि, ताई, खरंच सांगतो, तोंडातून "माफ करा" निघालं. सगळं टेबल हसायला लागलं. मीसुद्धा हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. ज्यांच्यासाठी उभा राहिलो ते एकतर घरी बसले होते, नाहीतर जो त्यांची वाटी काढून घेणार आहे त्याच्याकडे निघाले होते.

आणि आईचं मत. तिला चालवत नाही म्हणून तिने तिच्या वतीने मत टाकायचा अधिकार मला लिहून दिला होता, हे तुला माहीत आहे. कोणाला टाकायचं ते तिने मला काय सांगितलं, ते माहीत नाही. मी वृद्धाश्रमात गेलो, तिच्या उशा नीट केल्या, विचारलं. ती म्हणाली, "ओदीलला. ती मोठी आहे. तुझं काय, तू हरलास तरी झोपशील. ती हरली तर मरेल." परवा रविवारी पहिल्या फेरीत पडद्यामागे मी दोन पाकिटं घेऊन उभा होतो. एका पाकिटात मी माझ्याच यादीचा कागद घातला. दुसऱ्याच्या वेळी हात थबकला, ते खोटं कशाला बोलू? कोण बघणार होतं? पण आईने सांगितलं होतं. तुझा कागद घडी करून घातला. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये टेबलांवर पाकिटं उघडून नावं मोठ्याने वाचत होते. तुझं नाव आलं की दर वेळी मला वाटायचं, हेच असेल आईचं. शंभरात चौदा मतं आम्हाला मिळाली. कार्लिए तुझ्या पुढे निघाला तेव्हा हॉलमध्ये कोणीतरी शिट्टी मारली, आणि तू माझ्याकडे पाहिलंस. निवडणूक लागल्यापासून पहिल्यांदा.

काल आईच्या खोलीत आपण भेटलो, त्याबद्दल मी रात्रभर नाही, पण आज सकाळपासून विचार करतोय. आई चिकोरीची कॉफी बशीत ओतत होती. आपल्या दोघांकडे बघून म्हणाली, "तोंडं बघा. दोघंही हरलात वाटतं." तू तिच्या समोरच विषय काढलास. मी आमची यादी मागे घ्यायची आणि तुझ्या यादीत मला सातवी जागा, एकट्याला. मी विचारलं, आणि सलिहा? तू म्हणालीस, "सलिहाचं नाव घातलं तर बुलवार्डवर माझं काय होईल? समजून घे ना." मी म्हटलं, मेली तिची बहीण. माझी नाही. तू कप आपटलास. "संत तू व्हायचं आणि शिव्या मी खायच्या, हे लहानपणापासून चालू आहे! तू राहिलास तर मतं फुटून कार्लिए येतो. सरळ हिशोब आहे. आणि मग हातात जपमाळ घेऊन त्या रात्रनिवाऱ्याच्या कुलुपासमोर उभा राहा." आई म्हणाली, "ओरडू नकोस गं, शेजारची बाई नुकतीच झोपलीय." तू उठलीस, माझ्या कोटाची कॉलर उलटी झाली होती ती सरळ केलीस आणि गेलीस. भांडताभांडता कॉलर सरळ करणारी बहीण असली की माणसाला नीट रागावताही येत नाही.

आमच्या लोकांची बैठक चर्चच्या सभागृहात झाली. निम्मे म्हणाले राहू या, निम्मे म्हणाले कार्लिएचं पाप डोक्यावर नको. शेवटी सगळे थकून म्हणाले, रेजिस, तू ठरव. सलिहा तेवढी थकली नव्हती. सगळे गेल्यावर ती खुर्च्या एकात एक घालत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही राहिलात तर आपली निदान तीन माणसं तरी आत नगरसभेत बसतात. दर महिन्याला उठून विचारतात, पोलेत आळीचं काय झालं? गेलात, तर सहा वर्षं विचारणारं कोणी नाही. तुमच्या ताई चांगल्या आहेत हो. पण चांगल्या माणसालाही कोणीतरी विचारावं लागतं." मी म्हटलं, कार्लिए आला तर? ती वळली. "रेजिसदादा, तो आला तर आमचं वाईट होईल. पण आमचं वाईट झालेलंच आहे. तुम्हाला भीती आमच्या वाईटाची नाही, तुमच्या बहिणीच्या हरण्याची आहे." मी फाइल उचलली. तिने दार धरून ठेवलं, म्हणजे मला हात मोकळा न करता बाहेर जाता यावं. ती बरोबर बोलली की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही. इथे बसून दुपारभर तेच करतोय. राहिलो तर रात्रनिवाऱ्यातली माणसं पुढच्या थंडीत पुलाखाली. गेलो तर आळीला आवाज नाही. दोन्ही बाजूंनी कोणाच्या तरी मुलाच्या कोटाचं बटण मला लावावं लागणार. देवाला विचारलं. तो काही बोलला नाही. कॅफेवाला तेवढा मघाशी म्हणाला, "साहेब, सहाला खिडकी खरंच बंद करतात हं, आमच्यासारखं नाही त्यांचं."

ताई, आत्ता सहा वाजून गेले. समोरच्या शिपायाने दार ओढून कडी लावली, मी काचेतून पाहिलं. फाइल माझ्या मांडीवरच आहे. हे पत्र मी सहाच्या आधी पाठवलं असतं तर ती घासाघीस झाली असती, म्हणून इतका वेळ ते तुझ्याकडे येऊ दिलं नाही. सलिहा म्हणेल, मूर्ख माणसा, आधी सही मागायची, मग माघार घ्यायची. तसं मागितलं असतं तर तू सही केलीही असतीस. पण दबावाखाली दिलेली सही तुझ्याच माणसांनी निवडणूक संपल्यावर एप्रिलमध्ये फिरवली असती, आणि तू त्यांना अडवलं नसतंस. आता तुझ्यावर माझा काही जोर नाही. म्हणून मागतो. आमची मतं तुला महापौराचा पट्टा पुन्हा बांधता यावा म्हणून सोडलेली नाहीत. तू त्या आदेशावर सही केलीस आणि बुलवार्डवाले बिथरून गेले, तर ती तूट भरून निघावी म्हणून सोडली आहेत. अजून चार दिवस तू महापौर आहेस. रविवारनंतर नको, तेव्हा सही फुकटची असेल. रविवारच्या आधी कर, तू हरू शकतेस तेव्हा. हरलीस तर आपण दोघांनी मिळून रात्रनिवाराही घालवला असं होईल, हे मला कळतं, आणि तरीही मागतोय. तू करशील असं मात्र मला वाटत नाही. तू हे वाचशील, घडी घालून पर्समध्ये ठेवशील, रडशीलही, आणि रविवारी संध्याकाळी टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून माझं नाव घेऊन आभार मानशील. ते तेवढं करू नकोस. मी तेव्हा पोलेत आळीत असेन, मला तिथे कोणी दार उघडलं तर.

तुझाच,
रेजिस