आईच्या होडीचं नाव

आई,

परवा धाकट्याचा फोन आला. त्याने नवी बोट घेतलीय. फायबरची, इंजिनाची. हिवाळ्यात पक्षी बघायला पुण्याकडची माणसं येतात, त्यांना धरणाच्या पाण्यात फिरवून आणायला. बाकी सगळी तयारी झाली होती, नाव तेवढं ठरत नव्हतं. "ताई, तू शाळेत शिकवतीस, तूच सुचव की एखादं," म्हणाला आणि ठेवून दिला फोन. मी तेव्हा नवी पेठेत होते. समोरून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मागून बायका ढकलत होत्या, आणि मी पिशवी छातीशी धरून भर रस्त्यात उभी राहिले. मला तुझी होडी दिसत होती. आज रविवार आहे, घरातले सगळे जेवून झोपलेत, म्हणून लिहायला बसले.

आपल्या काठावरच्या होड्यांची नावं मला अजून पाठ आहेत. निम्म्या होड्या देवीच्या नावाच्या. उरलेल्यांत कुणाची मुलगी, कुणाची आई. पण काही नावांना गोष्टी होत्या. पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्याच्या होडीवर 'सर्जा' लिहिलेलं होतं. त्याची जमीन धरणाखाली गेली, बैलाला ओढायला नांगर उरला नाही, आणि तो बैल दावणीलाच म्हातारा होऊन मेला. म्हातारा वल्हं मारता मारता "चल रं लेका" म्हणायचा, तेव्हा तो होडीशी बोलतोय की बैलाशी, ते कळायचं नाही. एकाच्या होडीचं नाव नुसतंच 'दुसरी' होतं. पहिली वाऱ्यात बुडाली होती. पहिलीचं नाव काय होतं, ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. लहानपणी मला वाटायचं, नाव म्हणजे शोभेसाठी लिहितात, ट्रकच्या मागे लिहितात तसं. तुझी होडी आली तेव्हा ते बदललं.

बाबा गेले तेव्हा धाकटा अंगावर पीत होता. त्यांची जुनी होडी कुजून गेली होती. तेराव्याला मामा मंद्रूपहून आला होता. तू त्याला सांगितलंस, की सुताराला नवी होडी करायला सांगितली आहे आणि ती तूच चालवणार आहेस. मी चुलीपाशी बसले होते. मामाचा चेहरा मला अजून दिसतो. मेंढरं राखणाऱ्या घरातला तो माणूस, मोठ्याने बोलायची सवय नसलेला. तो हळूच म्हणाला, "बाप्यांची वझी वडणार तू? पान्यावर? आपल्यात बाया असलं करत न्हाईत. चल घरी. दोन पोरं मला जड न्हाईत."

तू म्हणालीस, "तुला न्हाईत जड. मला मी जड हुईन तितं."

"होडी धरलीस तर मला भन न्हाय."

तू भाकरी उलटलीस. तो न जेवता उठला. त्यानंतर मंद्रूपहून ना माणूस आला, ना निरोप.

नवी होडी आली त्या दिवशी काठावर सगळे जमले होते. पेंटर रंगाचे डबे घेऊन बसला होता. 'तुळजाई' लिहू का, म्हणाला. चुलते म्हणाले, भावाचं नाव लिहा, त्याच्या माघारी राहील. तू पेंटरकडून खडू मागून घेतलास, पदर खोचलास, आणि होडीच्या पुढच्या फळीवर स्वतःच अक्षरं काढलीस. तू चौथीपर्यंत शिकली होतीस हे मला माहीत होतं, पण तुला लिहिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाटीवर काढतात तशी मोठी, जरा तिरकी अक्षरं. पेंटर म्हणाला, "वहिनी, सरळ करून घेऊ का?" तू म्हणालीस, "जसं हाय तसंच भर." ते एका मुलीचं नाव होतं. आपल्या घरात, भावकीत, गावात त्या नावाचं कुणी नव्हतं. चुलत्यांनी विचारलं, "कुनाचं ह्ये?" तू हात झटकत म्हणालीस, "हाय माज्या वळखीची एक." लोकांना वाटलं, मेलेली बहीण असेल. मलाही तेच वाटलं, आणि असं काही विचारू नये एवढं मला कळत होतं.

मग वर्षानुवर्षं तो सगळा काठ तेच नाव घेत राहिला. शाळेची पोरं, बाजारकरणी, मोटरसायकल होडीत चढवणारे दूधवाले, सगळे हाका मारायचे. ती आली का, ती किती वाजता जाणार, मी तिच्यातूनच जातो. पल्याडून कुणी तोंडाला हात लावून ते नाव ओरडलं, की पाण्यावरून हाक तरंगत यायची आणि तू वल्हं उचलायचीस. तुझा चेहरा तेव्हा कसा व्हायचा, ते मी पाहिलं होतं. अर्थ लागत नव्हता.

तो दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीतला. मी होडीत बसून डब्याने पाणी उपसत होते. आपण पल्याडच्या काठाला चाललो होतो. होडीत दोन बायका, एक शेळी आणि टरबुजांची पोती. काठावर पांढऱ्या पटक्याचा एक माणूस उभा होता. तो शेजारच्याला काहीतरी विचारत होता. तुझं सासरचं नाव त्याच्या तोंडून ऐकू आलं. शेजारच्याने आपल्याकडे बोट केलं, "ती काय, येतीया की." त्या माणसाने कपाळावर हात धरला आणि होडीवरची अक्षरं वाचायला लागला. एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत. होडी जवळ येत होती आणि मी ओळखलं, मामा आहे. मग त्याने ते नाव मोठ्याने घेतलं. वाचल्यासारखं नाही. रानात पुढे गेलेल्या पोरीला हाक मारतात तसं.

आणि तू म्हणालीस, "ओऽऽ!"

आई, तो आवाज तुझा नव्हता. म्हणजे, मला माहीत असलेल्या आईचा नव्हता. तो आठ-दहा वर्षांच्या मुलीचा होता. दोघी बायका वळून तुझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या हातातला डबा तसाच राहिला. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं जे नवं नाव लिहितात, त्याच्या खाली दुसरं नाव असतं, हे मला ठाऊक होतं. आपल्याकडच्या सगळ्याच बायकांचं असतं. पण कुणी ते असं उचलून, रंगवून, भर पाण्यात सगळ्या दुनियेच्या तोंडी देईल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. तू कुणाशी भांडली नाहीस. 'मला त्या नावाने हाक मारा' असं कुणाला म्हणाली नाहीस. तरी अख्खा काठ तुला रोज त्या नावाने बोलावत होता आणि तू रोज जात होतीस.

मामा गुडघाभर पाण्यात आला. म्हणाला, "आई लई आजारी हाय. आमाला वळखत न्हाय. येकच नाव घिती. सुना इचारत्यात, कोन ही? मी काय सांगू त्यास्नी?" त्याचा आवाज फुटला. "मीच सांगितलं हुतं ना, मला भन न्हाय म्हनून."

तू वल्हं आडवं धरलंस. "बस आधी होडीत. पोराला घिऊ घरनं, मग निगू."

आयुष्यात कधी पाण्यावर न बसलेला तो माणूस दोन्ही हातांनी कड धरून बसला. मध्यावर आल्यावर त्याने वाकून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "तुजं शेवटचं अक्षर अजून वाकडंच हाय की गं," म्हणाला. तू हसलीस. बाबा गेल्यावर एवढं हसताना मी तुला पाहिलं नव्हतं.

मंद्रूपला आजी खाटेवर होती, डोळे मिटलेले. तिने हाक मारली तशी तू उशाशी बसून ओ दिलीस.

"कुटं हुतीस गं?"

"पान्यावर हुते, आये."

"पडशील की."

"न्हाय पडत. मला चालवाया येतं."

आजीने तुझा हात चाचपला, तळव्यावरचे वल्ह्याचे घट्टे दाबून पाहिले, आणि मान हलवली. त्या आठवड्यात ती गेली. मामा त्यानंतर दर वर्षी यायचा, आणि घरी येण्याआधी तुझ्या होडीतून एक फेरी मारायचा. भीती त्याची कधीच गेली नाही. कड धरूनच बसायचा.

माझ्या लग्नाच्या बोलण्यात तू सासरच्यांकडे एकच गोष्ट मागितलीस. "पोरीचं नाव तेवढं ऱ्हाऊ द्या." ते कबूल झाले. आज शाळेत, बँकेत, घरात मला ज्या नावाने हाक मारतात ते तू ठेवलेलं आहे. मी त्याला इतकी सरावले, की त्याच्यामागे कुणाचं तरी मागणं आहे हे वर्षानुवर्षं आठवतही नाही.

काल मी काठावर जाऊन आले. धाकट्याला नव्या बोटीवर तुझंच ते नाव घालायचं होतं. मी हो म्हणणार होते. तेवढ्यात तुझी सून म्हणाली, "ते त्यांनी सोताच्या हातानं लिवलं हुतं. आपन लिवलं तर ती आठवन हुईल नुस्ती." तू तिला पाहिलं नाहीस, आई. तुझ्यानंतर आली ती. शेवटी नातवाच्या हट्टाने बोटीचं नाव 'रोहित' पडलं, हिवाळ्यात येतात त्या गुलाबी पक्ष्यांवरून. कालच काठावरच्या दोघांना ते क्रिकेटवरून ठेवलंय असं वाटलं आणि नातू दोन्ही वेळा चिडून समजावत होता.

हे सगळं लिहिताना मी तुझं ते नाव दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं. लपवायचं म्हणून नाही. सगळ्या काठाने ते घेतलं, शेळ्या-करडं वळणाऱ्या पोरांनी घेतलं, मला मात्र ते कधी तोंडातून काढता आलं नाही. मी होडीत बसलेली असायचे तरी पल्याडच्यांना सांगताना 'आईची होडी' म्हणायचे. अजूनही मला तुला आईच लिहिता येतं. पाण्यावरून ओ देणाऱ्या त्या मुलीला मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.