गोवराचं पथ्य

चंद्रपूर,
२० फेब्रुवारी १९८३

सौ. रुखमाबाईंना कमळाचा जयभीम. वि. वि.

काल हे तुमच्याकडून परतले आणि जेवलेच नाहीत. माझ्या प्रबोधचे दंड काडीसारखे झालेत म्हणाले. बाळंतपणात मला कावीळ झाली, म्हणून दोन वर्षांचं लेकरू त्याच्या आत्याच्या हवाली केलं, उपाशी मारायला नव्हे. इथे तो दूध, बिस्किटं खात होता. दूध पावडरचा डबा पाठवला होता, तो कुणाच्या पोटात गेला? स्पष्टच विचारते. राग आला तर येऊ द्या.

तब्येतीस जपा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

आपली भावजय,
कमळा

मु. पिंपळझोरा, ता. मूल,
२५ फेब्रुवारी

कमळास रुखमाचा जयभीम.

तुझ्या जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं, लेखणीलाही नाही हे आता कळलं. तुझं लेकरू आलं तेव्हा त्याचे पुढचे दात किडलेले. चहात बिस्किट बुडवल्याशिवाय तोंड उघडत नव्हतं. शहरात त्यालाच खाणं म्हणत असतील. महिनाभरात इथे तो वरणभात आणि बोडीच्या तळ्यातले झिंगे मागून खाऊ लागला.

मग त्याला गोवर आला. घरात फोडणी बंद, मासळी-अंडं बंद, नुसती पेज. माझी रंभा त्याच्याच वयाची, तीही पेजेवरच राहिली. माता अंगात असताना दुसरं काय देतात? तुझा डबा फळीवर तसाच आहे. आमच्या पोटात गेलेला नाही.

धाकट्या बाळाला आत्याचा पापा. तुला काही नाही.

रुखमा

चंद्रपूर,
४ मार्च

रुखमाबाईंना जयभीम.

लेकराला गोवर येऊन गेला आणि आईला एक कार्डही नाही! छप्पन साली तुमच्या वडिलांनी, आबांनी, चांद्याहून दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव बोडीत सोडले, हे लग्नात तुम्हीच मला मिरवून सांगितलंत. देव गेले, आणि मातेचा धाक चुलीवर बसवून ठेवलात? इथले डॉक्टर म्हणतात, गोवरात लेकराला उलट जास्त चारायचं असतं.

रविवारी हे येतील. प्रबोधला घेऊन जातील, डबाही. पुन्हा माझं मूल तुमच्या दारात येणार नाही.

पत्राचं उत्तर आलं नाही तरी चालेल.

कमळा

पिंपळझोरा,
१७ मार्च

कमळास जयभीम.

नाही म्हणालीस तरी उत्तर देते. हरिदासनं तुझं लेकरू नेलं, डबाही काखेत मारला. रंभा एसटीपर्यंत त्याच्या मागे गेली. हरिदास तिचा मामा, पण तिचे दंड त्याला दिसले नाहीत. तूही विचारलं नाहीस. वाळायचा मान फक्त शहरातल्या पोराला असतो का?

आता रंभाला गोवर आहे. शेजारची ठमाबाई दारातूनच ओरडली, फोडणी काऊन देऊन राह्यली, माता कोपन ना. मी तिच्या देखत तव्यावर अंडं फोडलं. तेव्हापासून तिच्या घरचं कुणी येत नाही, आणि रंभाचे बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तुझं ऐकलं असं समजू नकोस. आबांचं ऐकलं.

मला भीती वाटते, कमळा. पोरगी जगली तर शहाणपण तुझं ठरेल. गेली तर आईनेच अंडं चारून मारली असं गाव म्हणेल. आज अर्धं खाल्लं आणि ओकली. पुन्हा चारते आहे.

लोभ तुझ्यापाशीच ठेव.

रुखमा