दुसरं फावडं

रविवार, वेल्हे. संध्याकाळ.

आजही एकटाच. डोंगरातली सायकलची वाट पावसाळ्यातही चालू राहायची तर चर खणायलाच हवेत. नाहीतर चाकोरीतलं पाणी शेवंताबाईंच्या भातखाचरात घुसतं, आणि मग त्या काटे टाकून वाट बंद करणार. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर "येतो" म्हणून आठ अंगठे आले होते. म्हणून दोन फावडी नेली.

"दुसरं कुनाचं, दादा?" शेवंताबाईंनी विचारलं.

"मागून येतायत."

का खोटं बोललो?

खणताना सारखा रस्त्याकडे बघत होतो, ते त्यांनी पाहिलं असणार. शेवटी पदर खोचून त्यांनीच दुसरं फावडं उचललं. "येतील तवा येतील. पानी थांबतंय व्हय?"

दोघांनी सहा चर काढले. वाट चालू राहील.

घरी येऊन ग्रुपवर कळवलं. पुन्हा आठ अंगठे.