जनाज्यात माफ केलेलं बिल

अब्बा, त्या माणसाकडचं बिल शेवटी वसूल झालं. तुम्ही गेल्यावर झालं. तुम्ही असताना ते होणं शक्यच नव्हतं.

तो आपल्याच तालुक्यातला. दुबईत, देऱ्याच्या बाजारात त्यानं अत्तराचं दुकान काढलं आणि त्याचं सगळं सुतारकाम शारजातल्या आपल्या कारखान्यानं केलं. माल उतरवताना मी म्हटलं, डिलिव्हरी नोटवर त्याच्या कंपनीचा शिक्का घेऊ या. तुम्ही त्याच्यादेखत मला झापलं. "जुम्म्याच्या नमाजाला माझ्या बाजूला उभा राहतो तो. त्याच्याकडे शिक्का मागू? लाज वाटत नाही तुला?" मला नाही वाटली. त्यालाही लाज नावाची चीज माहीत नव्हती, हे पुढं कळलंच. दोन वर्षं तो "इन्शाल्ला, भाईजान" म्हणत राहिला, आपल्या सुतारांचे पगार थकत गेले, आणि तुम्ही मात्र त्याला चहा पाजत राहिलात.

तुमच्या जनाज्याच्या नमाजाआधी मी उभा राहतो आणि रिवाजाप्रमाणे विचारतो, अब्बांकडे कुणाचं काही येणं असेल तर सांगा, मी फेडतो. पहिल्या रांगेतून हाच पुढं येतो, डोळ्यांना रुमाल लावतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "माझ्याकडून भाईजानना सगळं माफ. आमचा हिशोब खलास." पैसे बुडवणारा माफी वाटतोय! वर लोकांनी त्याची पाठही थोपटली. आठवड्याभरात मी दावा लावला.

कोर्टात सगळं अरबीत, दुभाष्यामार्फत. शिक्का नसलेला कागद जजनं बाजूला सारला. सुतार बाहेर बाकावर बसले होते, त्यांना काय सांगणार होतो? पण या शहाण्याला गप्प बसवेना.

"साहेब, मी तर जनाज्यात सगळ्यांसमोर हिशोब माफ केलाय. साक्षीदार आणतो."

"कसला हिशोब?"

"दुकानाच्या सुतारकामाचा."

"म्हणजे काम झालं होतं. मग पैसे कधी दिलेस?"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मोठेपणा मिरवायच्या नादात स्वतःचा गळा कापून घेणारा असला गाढव मी दुसरा पाहिला नाही.

चेक द्यायला आला तेव्हा म्हणाला, "तुझे अब्बा असते तर कोर्टात गेले नसते." आयुष्यात तो तेवढं एकच खरं बोलला असेल. त्या आठवड्यात मी सगळे पगार चुकते केले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. त्याची मला किळस येते, पण राग तुमचा येतो, अब्बा. हॉस्पिटलात तुमच्या उशाशी बसून मी दुआ पुटपुटत होतो, आणि मनात दाव्याचे कागद जुळवत होतो.