क्योटोच्या पावसासाठी डॉक्टरांचे बूट

साउथहॅम्प्टन,
२ जुलै २००६

ती. सौ. लीलाताईस,

प्रमोदिनीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली आठही अंगं टेकत नाहीत, टेकतील तेवढी मोजून घे.) तुझी शुगर, भाऊजींचा खोकला आणि आपल्या अण्णांचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल अशी आशा आहे. आम्ही परवाच जपानहून सुखरूप परतलो. म्हणजे मी सुखरूप, डॉक्टर लंगडत.

आमची ऋजुता केंब्रिज संपवून क्योटोला संशोधनाला गेली त्याला दीड वर्ष झालं. जूनमध्येच या म्हणाली, आणि जूनभर तिथे पाऊस असतो असंही म्हणाली. त्या क्षणापासून आमच्या घरात जपान उरला नाही, नुसते बूट उरले. तुझे मेव्हणे पायाच्या हाडांचे सर्जन. तीस वर्षं इंग्रजांच्या घोट्यांत स्क्रू घालणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पायांत काय घालावं ते मात्र सुचेना. सलग पाच शनिवार आम्ही दुकानं पालथी घातली. एका दुकानातल्या पोरीला त्यांनी पावलाच्या कमानीवर अर्धा तास लेक्चर दिलं, ती बिचारी दर वाक्याला “लव्हली” म्हणत राहिली. इल्फर्डच्या चंद्रशेखरनी फोनवरून गमबूट सुचवले. (हे गृहस्थ बँकेच्या कामाला चार दिवस टोकियोत राहून आले, तेव्हापासून मराठी मंडळात जपानवर दुसऱ्या कोणाला तोंड उघडू देत नाहीत.) ऋजुता फोनवर एवढंच म्हणाली, “बाबा, लेसवाला नको. इथे सारखा शूज काढायची असते. आणि सॉक्स नवीन आण, प्लीज.”

पोरीचं मराठी मोडकं, पण अर्थ धडधाकट होता. अर्थात तिच्याकडे पायांची डिग्री नाही! डॉक्टरांनी डोंगर चढायचे, घोट्याच्या वर येणारे, नऊ-नऊ जोड भोकांचे बूट घेतले आणि पाणी शिरतं का ते बघायला ते घालून वीस मिनिटं बाथटबमध्ये उभे राहिले. (वर कोट-टाय. हॉस्पिटलला निघाले होते.) पाणी शिरलं नाही. “बघ,” म्हणाले. मी मार्केटमधून रबरी तळाचे, नुसता पाय सरकवायचे साधे बूट घेतले होते. ते बघून म्हणाले, “हे आजीबाईंचे.”

क्योटोत पहिल्याच दिवशी सात ठिकाणी बूट काढावे लागले. मी पाय बाहेर ओढून आत जाई, दर्शन घेऊन परत येई, तोवर हे पायरीवर दुसऱ्या बुटाच्या चौथ्या भोकाशी. तीन दिवसांत देव मी पाहिले, यांनी पायऱ्या पाहिल्या. चौथ्या दिवशी असा पाऊस कोसळला की पाणी नडग्यांवरून ओघळत वरूनच बुटांत उतरलं. आणि जो बूट पाणी आत येऊ देत नाही तो आलेलं बाहेरही जाऊ देत नाही. दोन पायांत दोन हौद घेऊन माणूस चुबुक चुबुक चालत होता.

त्याच संध्याकाळी मोरितांकडे जेवायला बोलावलेलं. (म्हातारे निवृत्त पोस्टमास्तर, मुलगा काझुओ ऋजुताच्याच प्रयोगशाळेत.) “मी जेवीन, बोलणार नाही,” असं डॉक्टरांनी मला हॉटेलवरच बजावलं होतं. दारातच सगळं कुटुंब वाकून उभं, आणि हे खाली बसून ओल्या नाड्यांच्या गाठींशी झुंजताहेत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी म्हटलं, “अहो, कात्री मागू का?” तर म्हणाले, “मी रोज याहून बारीक टाके घालतो!” (घालतात खरे. काढायला नर्स असते.) शेवटी मोरिता स्वतः गुडघे टेकून त्यांच्यापुढे बसले, नखांनी एकेक गाठ सोडवली, बूट उपसले, आणि मोज्यांचा रंग लागून निळी झालेली पावलं टॉवेलने बोटाबोटांमधून पुसली. मग हळूच काही बोलले. ऋजुताने सांगितलं, “ते म्हणतात, पोस्टात खूप गाठ सोडवली, पण इतकी ओली पार्सल नव्हती.”

डॉक्टर आधी लाल झाले, मग हसले. नंतर तीन तास दोघे म्हातारे बोलत बसले, एकाची भाषा दुसऱ्याला येत नसताना. मला मात्र उगाच रडू आलं.

घरच्या सर्वांना ज्याच्या त्याच्या मानाने नमस्कार-आशीर्वाद सांग.

तुझी,
प्रमोदिनी

ता.क. मोरितांकडे आम्ही नुसतं जेवायला गेलो नव्हतो. ऋजुता आणि काझुओने लग्न ठरवलंय. तीन महिने डॉक्टर ‘नाही’वर अडून होते, त्यावर बोलायला नको म्हणून तर बुटांवर बोलत होते. आपल्याकडे मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. इथे मुलाच्या बापाने यांचे पुसले, आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? डिसेंबरात नागपूरला करू म्हणतात.

ता.ता.क. अण्णांना यातलं काही ठाऊक नाही. त्र्याहत्तर साली तू परजातीत रजिस्टर लग्न केलंस, ते अण्णांना सांगायला तू मला पुढे केलंस आणि ताकाने भरलेला तांब्या माझ्या कपाळावर बसला. खूण अजून आहे. ताई, आता तुझी पाळी.