एकाच फोटोचे दोन तुकडे

१२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. खोलीची खिडकी मालकांनी शेवटी दुरुस्त करून दिली. आता ती उघडते, पण बंद होत नाही. तू असतास तर मालकांना दोन शब्द सुनावत सुनावत ठीक करून टाकली असतीस. आईच्या गुडघ्याला नवा पट्टा मानवला का? आणि बाबांना सांग, बातम्यांखाली माझं नाव शोधत बसू नका. मी ज्या विभागात आहे तिथे कुणाचंच नाव छापत नाहीत.

खिशात फोन असताना ही पत्रं कसली लिहिते, म्हणून हसशील. फोनवर तू मला मधेच तोडतोस. आणि तुझा आवाज ऐकला की मी विरघळते. कागदावर निदान तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

तुला दोन गोष्टींची उत्तरं द्यायची आहेत. एक धाकटीच्या पोहण्याचं. दुसरं, आमच्या संकेतस्थळावर तुझी प्रतिक्रिया का उमटत नाही त्याचं. माझ्या लाडक्या हिरोच्या वाढदिवसाला शुभेच्छा लिहायला गेलो तर 'परवानगी नाही' असं येतं, तुझ्या ऑफिसात कुणाला तरी सांग, असं तू म्हणालास. ते सांगते. आधी धाकटीचं.

तिचा फोन आला होता. रडत नव्हती, तू घाबरू नकोस. अगदी सरळ आवाजात म्हणाली, "दादाने माझा पोहायचा पोशाख दुकानाच्या कपाटात ठेवलाय आणि किल्ली स्वतःच्या खिशात." महिनाअखेरीला तिची स्पर्धा आहे. निवड झालेली आहे. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी घरी येऊन समजावलं, तरी तू म्हणालास, बघू. तुझं 'बघू' म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा तुझ्या शब्दाबाहेर नाहीत आणि आई बाबांच्या.

कारणही तिने सांगितलं. मागच्या स्पर्धेत ती दुसरी आली तेव्हा पाण्यातून बाहेर येतानाचा तिचा फोटो पेपरात आला. दुकानासमोरच्या बाकावर बसून दोघांनी तो बघितला, एकाने काहीतरी म्हटलं, दुसरा हसला, आणि तू पाना घेऊन बाहेर धावलास. तुझा राग मला समजतो. मी तिथे असते तर मीही धावले असते. मग तू मला संदेश पाठवलास: "जग घाण आहे. लोक कुठल्या नजरेने बघतात ते तुला नाही कळायचं, तू पुस्तकातली."

दादा, मला कळतं. ते माझं काम आहे.

तू गिऱ्हाइकांना सांगतोस की बहीण पत्रकार आहे. दुरुस्तीला आलेला फ्रीज उघडा ठेवून तू त्यांना माझा पदवीचा फोटो दाखवतोस, हेही मला माहीत आहे. मी पत्रकार नाही. मनोरंजन विभागात प्रतिक्रिया साफ करते. नटनट्यांच्या फोटोंखाली लोक जे लिहितात ते एकापाठोपाठ एक माझ्यासमोर येतं. हिरवं बटण दाबलं की राहतं, लाल दाबलं की जातं. लिहिणाऱ्याचं नाव मला दिसत नाही, फक्त लिहिलेलं दिसतं. कुणाला कायमचं बंद करायचं असेल तरच त्याचं खातं उघडावं लागतं. मुलाखतीत मला विचारलं होतं, समाजासाठी काय करायचंय? मी चांगलं लांबलचक उत्तर दिलं होतं. आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "छान. उद्यापासून ये."

सुरुवातीला मी सगळी घाण लाल करायचे. मॅडमनी मला बोलावून समजावलं. अगदी शिव्या आणि धमक्या काढ, बाकीचं राहू दे. "थोडा चिखल लागतोच गं, म्हशी त्याच्यावरच जमतात." त्या वाईट नाहीत. त्यांना स्वतःची मुलगी आहे आणि तिने आमचं पान बघायचं नाही असा त्यांच्या घरी नियम आहे.

आता तुझ्या लाडक्या हिरोचं. त्याच्या नव्या सिनेमात तो आणि त्याची नायिका दोघंही जलतरणपटू आहेत. एक फोटो आला होता. दोघं तलावाच्या काठावर शेजारी शेजारी बसलेत, शर्यत नुकतीच संपल्यासारखी, दोघांना धाप लागलेली, दोघंही ओले. त्याच्या अंगावर तिच्यापेक्षा कमी कपडे. फार सुंदर फोटो होता तो. धाकटीला पाठवावा असं माझ्या मनात आलं होतं.

आमच्याकडे फोटो कापायला एक जण आहे, त्याला सगळे कात्री म्हणतात. त्याने तो मधोमध कापला. हिरोचा तुकडा गेला 'तंदुरुस्ती' सदरात: असं कमावलं त्याने शरीर, वाचा त्याचा दिनक्रम. तिचा तुकडा त्याने आणखी कापला. मान उडाली, गुडघे उडाले. जे उरलं ते गेलं 'गरमागरम' सदरात. मी कात्रीला विचारलं, तिचा चेहरा का कापलास? तो म्हणाला, "चेहरा असला की लोक चेहऱ्याकडे बघतात." आणि वळून पुढचा फोटो घेतला. त्याने ते इतक्या सहज सांगितलं, जसं तू म्हणशील की गॅस संपला की फ्रीज थंड होत नाही.

पुढच्याच आठवड्यात दोघंही ऑफिसात आले. ती पायघोळ, बंद गळ्याच्या कपड्यांत आली होती. आमचा फोटोग्राफर गाडीच्या दाराशी गुडघ्यावर बसून होता. तिने उतरताना आधी पिशवी मांडीवर घेतली, मग कापड दोन्ही पायांभोवती आवळलं, मग एक पाय खाली ठेवला. धाकटी तलावाबाहेर येताना टॉवेल कसा ओढून घेते, आठवतं? तसंच. त्या फोटोखाली आम्ही लिहिलं, भाव खाते.

हिरो आला तेव्हा सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. जाहिरात विभागाच्या बाई म्हणाल्या, "शर्ट वर केल्याशिवाय जाऊ देणार नाही." सगळे हसले, मॅडम हसल्या, तोही हसला आणि त्याने शर्ट वर केला. त्या बाईंनी पोटावर बोट फिरवून बघितलं, खरं आहे की रंगवलंय म्हणून. मी कॅमेऱ्याच्या मागे होते. तो हसतच होता, पण पोट आत ओढून घेतलेलं, आणि शर्ट सोडल्यावर तो कितीतरी वेळ त्या जागेवरून तळहात फिरवत होता. मला त्याचीही किळस वाटली. म्हणजे त्याची नव्हे, आमची. पण हेही लिहिलं पाहिजे की आम्ही टाकलेल्या त्या चित्रफितीखाली एकानेही त्याला निर्लज्ज म्हटलं नाही. कुणी त्याच्या आईबापांचा उद्धार केला नाही. बायकांनी बदाम टाकले, पुरुषांनी सलाम ठोकले. त्याचं अंग म्हणजे मेहनत. तिचं अंग म्हणजे चारित्र्य. दोघांनाही ताटात वाढतो आम्हीच, पण उष्टी ठरते ती एकटी.

मी आजकाल घरी आले की आधी हात धुते. मग जेवायला बसते आणि उठून पुन्हा धुते. बोटांना काहीही लागलेलं नसतं, मला माहीत आहे.

आता दुसरं उत्तर.

तिच्या त्या कापलेल्या फोटोखाली ढीग साचला होता. मी लाल दाबत चालले होते. काही वेळाने माणूस वाचत नाही, नुसता दाबतो. एका प्रतिक्रियेवर मात्र माझं बोट अडलं. पहिल्या ओळीत विचारलं होतं की हिच्या घरच्यांना लाज कशी वाटत नाही, असं पाठवताना. दुसऱ्या ओळीत लिहिणाऱ्याने सांगितलं होतं की ती हाती लागली तर तो स्वतः काय काय करील. ती ओळ मी इथे उतरवणार नाही, हा कागद आईच्या हातात पडू शकतो. मला वाटलं, हा माणूस नुसता पुसून भागणार नाही. म्हणून त्याचं खातं उघडलं.

नावाच्या जागी होतं 'भोंगा'.

जगात एवढा एकच भोंगा आहे असं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. लहानपणी मोठ्याने रडायचं म्हणून आणखीही कुणाच्या मुलाला कुणी भोंगा म्हणत असेल. मग खात्यावरचा फोटो मोठा केला. जुन्या फ्रीजचं दार, आणि त्याच्यावर निळ्या माशाचं चिकटचित्र, शेपटीकडून थोडं फाटलेलं. धाकटीला पहिल्या स्पर्धेत मिळालेलं. ती ते तुझ्या दुकानात चिकटवायला गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. तू म्हणाला होतास, सरळ लाव गं, गिऱ्हाइकं बघतात.

त्याच खात्यावरून थोड्याच वेळापूर्वी हिरोच्या तुकड्याखालीही लिहिलेलं होतं. "भाऊ, मेहनत दिसते. सलाम." एकच फोटो होता दादा. एकच तलाव, एकच दिवस. कात्रीने कापला होता खरा, पण तुला दोन्ही तुकडे दिसले होते.

बाजूला पाण्याची बाटली होती ती घेऊन मी मोरीपर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. माझ्या शेजारी बसणारीने विचारलं, काय गं, बरं नाही का? मी म्हटलं, रोजचंच. खरं तर रोजचंच होतं. रोज कुणाचा तरी दादा असतोच.

मग जागेवर येऊन मी तुझी ओळ पुसली आणि तुझं खातं आमच्याकडे कायमचं बंद केलं. म्हणून तुझ्या शुभेच्छा जात नाहीत. यंत्रात बिघाड नाही. ऑफिसात कुणाला सांगायची गरज नाही, मीच आहे ते ऑफिस.

'तुझ्या घरी आई-बहीण नाहीत का' असं मी विचारणार नाही. ते वाक्य मी रोज वाचते आणि त्याचीही मला शिसारी आली आहे. ती कुणाची बहीण नसती, अगदी एकटी असती, तरी तिला काठावर बसून धाप लागू द्यायला हवी होती. ती पोहून आली होती, दादा.

दहावीच्या वर्षी आपल्याकडे दिव्याची बोंब होती तेव्हा तू मोडक्या फ्रीजच्या आतला छोटा बल्ब काढून मला टेबलदिवा करून दिला होतास. त्याच्याखाली मी पदवीपर्यंत अभ्यास केला. हे पत्रही त्याच दिव्याजवळ लिहिते आहे, दिवस असल्यामुळे तो लावलेला नाही एवढंच. तुला सैतान ठरवलं असतं तर किती सोपं झालं असतं. मॅडमच्या म्हशींपैकी एक, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण तू माझ्या परीक्षेच्या केंद्राबाहेर उन्हात उभा राहणारा माणूस आहेस, आणि ती दुसरी ओळही तूच लिहिलीस. दोन्ही हात तुझेच. माझ्या हातात कात्री नाही आणि असती तरी मी तुला कापला नसता. सगळाच्या सगळा समोर ठेवून बघते आहे.

तू म्हणतोस, जग घाण आहे म्हणून धाकटीने पाण्यात उतरू नये. बाकावरच्या त्या दोघांवर तू धावून गेलास. त्यांच्यात आणि तुझ्यात एवढाच फरक, की त्यांनी ते तोंडाने म्हटलं आणि ते तुला सापडले; तू ते लिहिलंस आणि कुणाला दिसला नाहीस. तिला कपाटात कुलूप लावून जग स्वच्छ होणार नाही. कुलूप लावायचंच असेल तर ज्या बोटांनी तू ते लिहिलंस त्यांना लाव.

या खोक्यात पत्राखाली एक बंद पुडकं आहे. नवा पोहण्याचा पोशाख आणि चष्मा, तिच्या मापाचा. मी तो परस्पर बाईंकडे पाठवू शकले असते. मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर, तुझ्या नावाने पाठवला आहे. पुडकं तू उघडू नकोस. तिच्या हातात तू दे. कपाटाची किल्लीही दे. काही बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, पण स्पर्धेला जा आणि पुढच्या रांगेत बस. ती पाण्याबाहेर येईल तेव्हा घड्याळाकडे बघ, फळ्यावर तिची वेळ लागते, ती बघ, मग तिच्या चेहऱ्याकडे बघ. एवढं जमतं का ते मला कळव.

धाकटीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं की भोंगा म्हणजे फक्त रडका दादा. ते तसंच राहावं की नाही, हे तुझ्या हातात.

आईला सांग, मी नीट जेवते.

तू उत्तर लिहीपर्यंत फोन उचलणार नाही. पण वाट बघते.

अजूनही तुझीच,
मधली